तालुक्याला लॅक्टेट कशाला? आरोग्य अधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
सार्वजनिक आरोग्य विभागात निर्णय घेणारे अधिकारी,
आणि जळगाव, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांच्या सरकारी आरोग्य यंत्रणेचे प्रमुख यांस,

स.न.वि.वि.

आमच्या ग्रामीण रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीने एक साधी मागणी केली होती. सेप्सिसचा, म्हणजे संसर्गाने अवयव निकामी होण्याचा, धोका वेळीच ओळखायला रक्तातलं लॅक्टेट (पेशी संकटात आल्या की रक्तात साचणारा पदार्थ) मोजणारं हातात मावेल एवढं यंत्र, त्याच्या पट्ट्या आणि प्रयोगशाळेत रात्री एक माणूस. कागद वर गेला आणि शेरा घेऊन खाली आला: "तालुका स्तरावर आवश्यकता नाही. गंभीर रुग्ण संदर्भित करावेत." सही आहे, शिक्का आहे, कारण नाही.

मी सरकारी प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होतो. आयुष्य बल्ब (रक्ताच्या नमुन्याच्या नळ्या), स्लाइड आणि सेंट्रीफ्यूजमध्ये गेलं. डॉक्टर नाही, त्यामुळे उपचार कसे करावेत हे सांगायचा माझा अधिकार नाही आणि तसा इरादाही नाही. रक्ताचा आकडा कोणत्या वेळी कामाचा असतो आणि कोणत्या वेळी त्याची नुसती रद्दी होते, एवढं मात्र मला कळतं. तेवढ्याबद्दलच लिहितो आहे, आणि उघडपणे लिहितो आहे, कारण बंद पाकिटातल्या पत्राचं काय झालं ते वर सांगितलंच.

सेप्सिस म्हणजे काय हे तुम्हाला माहीत आहे, पण हे पत्र गावातली माणसंही वाचतील म्हणून चार ओळी. जखम, लघवीचा संसर्ग, न्यूमोनिया, बाळंतपणानंतरचा ताप, कशातूनही सुरुवात होते. जंतूंशी लढताना शरीराचा तोल सुटतो आणि आपलेच मूत्रपिंड, यकृत, फुप्फुस, मेंदू निकामी व्हायला लागतात. २०१७ या एका वर्षात जगात सुमारे ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला आणि त्यात १ कोटी १० लाख माणसं गेली, असा अंदाज 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला आहे. जगातल्या पाच मृत्यूंमागे जवळपास एक. त्याच वर्षी जागतिक आरोग्य सभेने ठराव करून सदस्य देशांना सेप्सिसकडे लक्ष द्यायला सांगितलं. आपला देश त्या सभेचा सदस्य आहे. त्या ठरावातलं आमच्या तालुक्यापर्यंत काय पोचलं म्हणाल, तर दर १३ सप्टेंबरला लागणारा एखादा फ्लेक्स.

आता माझा यात काय संबंध, ते सांगतो. थोरल्या भावाची बायको, आमच्या वहिनी. कपाशीच्या वावरात पऱ्हाटीचा खुंट पायात घुसला. शुगर होती. हळद दाबली, पट्टी बांधली, काम चालू राहिलं. दोन-तीन दिवसांनी ताप भरला. संध्याकाळी भावाचा फोन आला, "हातपाय गार पडी ग्यात रे भो, काहीबी बडबडी ऱ्हायनी." तापलेल्या माणसाचे हातपाय गार पडणं आणि त्याने असंबद्ध बोलणं याचा अर्थ मला ठाऊक होता. मी म्हटलं, गाडी काढ.

ग्रामीण रुग्णालयात ड्युटीवरच्या सिस्टरने नाडी पाहिली, बीपी पाहिलं, सलाईन लावलं, रक्तही काढलं. त्या बाईंनी काही कमी केलं नाही. पण प्रयोगशाळेला कुलूप होतं. लाल, जांभळ्या आणि राखाडी झाकणाचे तीन बल्ब सकाळच्या गाडीची वाट बघत रात्रभर रॅकमध्ये उभे राहिले. पहाटे वहिनींना शहरात हलवलं. नमुने त्यांच्यानंतर निघाले. अहवाल मोबाइलवर आला तेव्हा त्या खासगी आयसीयूत व्हेंटिलेटरवर होत्या. प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) ८४ हजार, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची खूण) २.३, बिलिरुबिन (यकृताची खूण) २.४.

हे तीन आकडे काय सांगतात? अवयव किती बिघडले हे मोजायला जगभर 'सोफा' नावाचा तक्ता वापरतात. प्लेटलेट एक लाखाच्या खाली असतील तर २ गुण. क्रिएटिनिन २ किंवा त्याच्या वर, आणखी २. बिलिरुबिन २ किंवा त्याच्या वर, आणखी २. झाले सहा. बीपी, शुद्ध आणि श्वास यांचे गुण मी अजून धरलेच नाहीत. २०१६ मध्ये ठरलेली व्याख्या म्हणते की संसर्ग असताना नेहमीपेक्षा दोन गुण वाढले तरी तो सेप्सिस समजा, आणि दोन गुणांची वाढ म्हणजेच दवाखान्यात मृत्यूचा धोका सुमारे १० टक्के. वहिनींच्या रक्ताने हे संध्याकाळीच सांगून ठेवलं होतं. ऐकायला कुणी नव्हतं.

वहिनी गेल्या. रात्रीच कळलं असतं तर त्या वाचल्याच असत्या, असा दावा मी करणार नाही. तसं कुणालाच सांगता येत नाही. पण ती रात्र वाया गेली, आणि ती वाया जायचं कारण रोगात नव्हतं, कुलपात होतं.

अमेरिकेत न्यूयॉर्कला २०१२ मध्ये रोरी स्टॉन्टन नावाचा बारा वर्षांचा मुलगा असाच गेला. शाळेत खेळताना हाताला खरचटलं होतं. इमर्जन्सी विभागातून त्याला घरी पाठवलं, आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा धोक्याचा अहवाल तो घरी गेल्यावर आला. तो अहवाल त्याच्या आईबापांपर्यंत पोचलाच नाही. पुढच्या वर्षी त्या राज्याने प्रत्येक रुग्णालयाला सेप्सिस ओळखण्याची आणि ठरलेल्या वेळेत उपचार सुरू करण्याची सक्ती केली. त्याला तिथे रोरीचे नियम म्हणतात. नंतर तिथल्या हजारो रुग्णांच्या नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं की रक्ततपासणी, कल्चर (रक्तातले जंतू वाढवून ओळखणं) आणि अँटिबायोटिक ही कामं जितके तास लांबली, तितकी मृत्यूची शक्यता तासागणिक सुमारे ४ टक्क्यांनी वाढत गेली. आमच्याकडे नमुन्याची गाडीच दिवसातून एकदा येते. हिशोब तुम्हीच करा.

आता तुमच्या शेऱ्याकडे येतो. माझी पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार त्याबद्दलच आहे, कारण तो शेरा शास्त्राला धरून नाही.

लॅक्टेट कशासाठी मोजतात? पेशींना रक्तपुरवठा आणि प्राणवायू पुरेनासा झाला, किंवा संसर्गाने त्यांचा कारभारच बिघडला, की रक्तात लॅक्टेट साचतं. दर लिटरला २ मिलिमोलच्या वर गेलं की सावध व्हायचं, ४ च्या वर म्हणजे मोठा धोका. पुरेसं सलाईन देऊनही बीपी टिकवायला औषध लागतंय आणि लॅक्टेट २ च्या वर आहे, अशा रुग्णाला सेप्टिक शॉक म्हणतात, आणि त्यातले शंभरात चाळीसहून जास्त रुग्ण दवाखान्यातच दगावतात. सर्व्हायव्हिंग सेप्सिस कॅम्पेन या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या मोहिमेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सेप्सिसचा संशय आला की लॅक्टेट मोजावं, आणि वाढलेलं दिसलं तर उपचार करताना ते उतरतंय का ते पाहावं.

पण रक्त बल्बमध्ये गेलं म्हणून तांबड्या पेशींचं काम थांबत नाही. त्या साखर खात राहतात आणि लॅक्टेट तयार करत राहतात. जेवढी उष्णता जास्त, तेवढा वेग जास्त. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या वर जातो. अशा दिवसात मोटरसायकलच्या डिकीतून निघालेल्या साध्या बल्बमधलं लॅक्टेट जिल्ह्याच्या गावी मोजून काय मिळणार? तो आकडा रुग्णाचा राहत नाही, प्रवासाचा होतो. राखाडी झाकणाच्या फ्लोराइड बल्बमध्ये ही वाढ रोखता येते, बर्फात ठेवला तर आणखी चांगलं. तो बल्ब तुमच्या प्रत्येक दवाखान्यात शुगरसाठी आहेच. पण आकडा शाबूत राहिला तरी दुसऱ्या दिवशी कळून उपयोग काय? लॅक्टेट ही 'संदर्भित' करता येणारी तपासणी नाही. ती खाटेजवळ, बोटातल्या थेंबावर, दोन-चार मिनिटांत करायची असते. तालुक्याला गरज नाही असं लिहिताना हे कुणाच्या लक्षात आलं नसेल, तर आता आणून देतो आहे.

दुसरी तक्रार रेफर चिठ्ठीची. "तब्येत गंभीर, पुढील उपचारार्थ पाठवत आहोत." चिठ्ठीवर एवढंच. धडगाव-मोलगीचा रुग्ण घाट उतरून नंदुरबारला येतो, तिथून कुणी धुळ्याला, कुणी नाशिकला, कुणी सुरतला नेतो. प्रत्येक दारात चाचण्या पहिल्यापासून. सेप्सिसमध्ये एकट्या आकड्यापेक्षा त्याची चाल महत्त्वाची असते. सहावर असलेलं लॅक्टेट चार तासांत तीनवर आलं तर जीव सावरतो आहे, चारचं सात झालं तर डाव हातातून चालला आहे. पण घट मोजायची तर आधीचा आकडा लागतो, आणि तो वेळेसकट लागतो. तो आम्ही मोजतच नाही, मग लिहिणार कुठून?

तिसरी गोष्ट थोडी बारीक आहे, पण नंदुरबारच्या डॉक्टरांना लगेच पटेल. हे तक्ते बाहेर तयार झाले. आमची माणसं वेगळी आहेत. अंगावर मांस नसलेल्या कुपोषित बाईचं क्रिएटिनिन मुळातच ०.४-०.५ असतं. ते १.१ झालं तर छापील अहवालात नॉर्मल म्हणून जातं, पण तिच्यासाठी ते दुपटीहून जास्त वाढलेलं असतं. सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा वस्त्यांत सिकलसेल (तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार) आहे. अशा रुग्णाचं बिलिरुबिन एरवीच वाढलेलं असतं, म्हणून ते पाहून घाबरायचं नाही. पण त्याची प्लीहा नीट काम करत नसल्यामुळे साधा ताप पाहूनही गाफील राहायचं नाही. यकृत खराब झालेल्या दारुड्याचं लॅक्टेट उतरायलाच वेळ घेतं. म्हणून रुग्णाचे जुने आकडे कुठेतरी नोंदलेले हवेत. सिकलसेलच्या तपासणीचे रंगीत कार्ड तुम्ही वाटता, ते चांगलं काम आहे. त्याच कार्डावर बरा असतानाचं हिमोग्लोबिन, बिलिरुबिन आणि क्रिएटिनिन लिहायला काय हरकत आहे?

चौथी तक्रार खासगी आयसीयूंवर तुमचं लक्ष नसल्याची. वहिनींच्या बिलात प्रोकॅल्सिटोनिन, म्हणजे जिवाणूंच्या संसर्गाची रक्तातली खूण, रोज होतं. सोबत सीआरपी (दाहाची खूण), डी-डायमर (रक्ताच्या गुठळ्यांची खूण) आणि कोविडपासून फॅशनमध्ये आलेलं आयएल-६ (हीही दाहाचीच खूण). प्रोकॅल्सिटोनिन चांगली तपासणी आहे. मला तिच्याशी वैर नाही. जिवाणूंचा संसर्ग झाल्यावर ते काही तासांत चढतं आणि संसर्ग आटोक्यात आला की साधारण दिवसाला निम्मं होतं. सीआरपी त्यामानाने आळशी, ते चढायलाही वेळ घेतं. पण अँटिबायोटिक सुरू करायचं की नाही हे प्रोकॅल्सिटोनिनवर ठरवू नका, थांबवायचं कधी यासाठी मात्र त्याची मदत घ्या, असं २०२१ च्या त्याच सूचना सांगतात. ब्रिटनमधल्या २०२४ च्या मोठ्या चाचणीतही त्याच्या आधाराने अँटिबायोटिकचे दिवस थोडे कमी करता आले, सीआरपीच्या आधाराने नाही आले. आमच्याकडे दर दिवशी तपासणी झाली आणि अँटिबायोटिक एकही थांबलं नाही, उलट वाढत गेलं. मग ती तपासणी कुणासाठी होती?

त्याहून वाईट पुढे घडलं. एका सकाळी भावाला बाहेर बोलावून सांगितलं, "प्रोकॅल शंभरच्या वर आहे, काय करायचं ते ठरवा." शेतकरी माणूस. त्याला वाटलं शंभर म्हणजे शंभर टक्के. अमेरिकेत झालेल्या आणि २०१७ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात पाहिलं होतं की चौथ्या दिवसापर्यंत ज्यांचं प्रोकॅल्सिटोनिन ८० टक्क्यांनी उतरलं नाही, त्यांच्यात २८ दिवसांतले मृत्यू उतरलेल्यांच्या दुप्पट होते: १० टक्क्यांच्या जागी २० टक्के. धोका दुप्पट, हे खरं. पण आकडा न उतरलेल्या शंभरातले ऐंशी जगले, हेही तितकंच खरं. रक्तातले हे खुणेचे आकडे कुणाकडे जास्त लक्ष द्यायचं, कुणाला आधी उचलायचं, हे ठरवायला आहेत. नातेवाइकांसमोर हात वर करायला नाहीत. आकड्यांच्या भाषेत घाबरवून सही घेणं किंवा पुढची रक्कम भरून घेणं यावर नियंत्रण ठेवायचं काम तुमचं आहे. २०२१ च्या सुधारित नर्सिंग होम नियमांनी दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं बंधनकारक केलं. जरा एकदा सहज, न कळवता, फिरून बघा किती भिंतींवर दिसते ते.

१५ ऑगस्ट २०२३ पासून तुमच्या विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले. गरिबाचे केसपेपरपासूनचे पैसे वाचले, त्याबद्दल मनापासून आभार. पण रात्री जी तपासणी होतच नाही, ती मोफत असून काय फायदा?

तर मागण्या अशा.

प्रत्येक ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयात लॅक्टेटचं हाती यंत्र द्या. यंत्रासोबत वर्षभराच्या पट्ट्या आणि कंट्रोल द्रावण (यंत्र बरोबर मोजतं का ते पडताळायचं) द्या. हे मुद्दाम लिहितो, कारण पट्ट्या संपल्या म्हणून कपाटात ठेवलेली यंत्रं मी नोकरीत पुष्कळ पाहिली आहेत. पट्ट्या उन्हाळ्यात कुठे आणि किती तापमानाला ठेवायच्या तेही सोबत सांगा.

प्रयोगशाळा रात्रीही चालू ठेवा. सगळ्या तपासण्या नकोत. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), क्रिएटिनिन, बिलिरुबिन आणि शुगर, नमुना घेतल्यापासून तासाभरात. माणसं नाहीत हे उत्तर मला माहीत आहे. मी त्याच खुर्चीत बसून ते ऐकलं आहे. रिक्त पदं भरा, तोवर कॉलवर येणाऱ्या तंत्रज्ञाला भत्ता द्या. सीबीसीच्या यंत्रातून न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट या दोन पांढऱ्या पेशींचं प्रमाण आणि तांबड्या पेशींच्या आकारातली तफावत फुकटच छापून येते. या दोन्हींचा गंभीर रुग्णांच्या मृत्यूशी संबंध दिसला आहे. एकट्यावर निर्णय घेण्याएवढे ते भक्कम नाहीत, पण खालच्या ओळीत छापलेला आकडा निदान वाचायची सवय तरी लागेल.

तिन्ही जिल्ह्यांसाठी एकच रेफर चिठ्ठी करा. तीत रकाने छापा: वेळ, बीपी, श्वास, शुद्ध, लॅक्टेट पहिलं आणि दुसरं, प्लेटलेट, क्रिएटिनिन, बिलिरुबिन, अँटिबायोटिकचा पहिला डोस किती वाजता दिला, कल्चर घेतलं का. १०८ च्या डॉक्टरने तीच चिठ्ठी पुढे भरावी.

धोक्याचा आकडा आला की तंत्रज्ञाने फोन करून ड्युटीवरच्या डॉक्टरला सांगायचं आणि वहीत वेळ लिहायची, असा लेखी नियम करा. मोबाइलवर पीडीएफ टाकणं म्हणजे कळवणं नव्हे.

खासगी आयसीयूत प्रोकॅल्सिटोनिन आणि तत्सम महागड्या तपासण्या परत परत करायच्या असतील, तर कशासाठी करतो आणि त्यावरून कोणता निर्णय घेतला, याची नोंद केसपेपरवर सक्तीची करा. एवढी एक ओळ लिहावी लागली तरी बरीच बिलं आपोआप आखूड होतील, असं माझं मत आहे.

यावर तुमचे डॉक्टर एक रास्त शंका घेतील: आकडा हातात आला आणि पुढे आयसीयू नसेल तर? शंका खरी आहे. झांबियात लुसाका इथल्या रुग्णालयात सेप्सिस होऊन बीपी उतरलेल्या रुग्णांना श्रीमंत देशांच्या धर्तीवर भराभर सलाईन आणि बीपी वाढवणारी औषधं दिली, तर नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त माणसं दगावली: ३३ टक्क्यांऐवजी ४८ टक्के. हा अभ्यास २०१७ मध्ये छापून आला. म्हणून लॅक्टेट चढलं की बाटल्या ओता, असं कुणीही समजू नये. आकड्याबरोबर माणूस बघायला शिकवा. दक्षिण अमेरिकेतल्या २०१९ च्या एका चाचणीत रुग्णाच्या तर्जनीवर काचपट्टी दहा सेकंद दाबून धरत, सोडल्यावर रंग परत यायला तीन सेकंदांहून जास्त लागतात का ते अर्ध्या-अर्ध्या तासाने बघत. त्यावर उपचार चालवलेले रुग्ण लॅक्टेटवर चालवलेल्यांपेक्षा मागे पडले नाहीत. मृत्यू थोडे कमीच झाले, फरक मात्र नि:संशय म्हणण्याएवढा नव्हता. आणि ती काचपट्टी कोणती? आमचीच, मलेरियाच्या स्लाइडची. ती तर प्रत्येक उपकेंद्रात आहे! यंत्र यायला वेळ लागणार असेल तर हे उद्यापासून शिकवता येईल. मात्र हे सांगून यंत्राची मागणी परत खाली ठेवू नका.

पुढच्या समितीच्या बैठकीआधी आम्हाला दोनपैकी एक कागद हवा आहे: मागणी मंजूर केल्याचा, किंवा "आवश्यकता नाही" या शब्दांमागचं वैद्यकीय कारण, ते देणाऱ्याच्या नावासकट. यंत्रं आली तर पट्टी कशी धरायची, कंट्रोल कसा लावायचा, नोंद कशी ठेवायची हे शिकवायला मी तिन्ही जिल्ह्यांत कुठेही येईन. मानधन नको, एसटीत ज्येष्ठांचं अर्धं तिकीट लागतं तेवढं परवडतं.

कळावे,
आपला विश्वासू,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ
आणि रुग्ण कल्याण समितीचा सदस्य, तापीकाठ, खानदेश